बिनधुराची गाडी

नवं इंजिन अजिबात धूर मारत नाही, हे आम्ही पंधरा दिवस अख्ख्या वाडीला सांगत होतो. दादा चहाच्या टपरीवर सांगायचा, अण्णा देवळाच्या पायरीवर, आणि मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, जिथे आमच्या टेम्पोच्या धुराशी कुणाला काडीचंही देणंघेणं नव्हतं. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून दाखवण्यापर्यंत दादाची मजल गेली होती. रुमाल पांढरा तो पांढराच. लोक माना डोलवायचे. वाडीला आमच्या धुराची सवय होती. जुनं इंजिन सकाळी चालू झालं की समोरच्या काकू आधी वाळवण आत घ्यायच्या आणि मग आम्हाला शिव्या द्यायच्या.

गाडी म्हणजे टाटाची ४०७. १९८६ साली ही गाडी बाजारात आली आणि कोकणातल्या अरुंद, वळणाच्या रस्त्यांना जणू मापाने शिवल्यासारखी बसली. कागदावर ती ट्रक आहे, आमच्याकडे मात्र तिला टेम्पोच म्हणतात. आमची १९९६ ची, दुसऱ्या हाताने घेतलेली. वर्षभर जांभ्याचे चिरे घाटावर पोचवायचे आणि एप्रिल-मे आंब्याच्या पेट्या, एवढंच तिचं आयुष्य. पाली, नाणीज, साखरपा, मग आंबा घाट, वर मलकापूर, बांबवडे, कोल्हापूर. रस्ता तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. दादा चालवतो, अण्णांनी आता गुडघ्यांमुळे सोडलंय, आणि मी हिशेबाची वही सांभाळते. बारावीला भौतिकशास्त्र शिकवते म्हणून आकडेमोड माझ्याकडे आली. कुठल्या खेपेला किती डिझेल घातलं, किती किलोमीटर झाले, लिटरला काय पडलं, सगळं त्या वहीत आहे.

जुनं इंजिन एका दिवसात गेलं नाही. आधी ते ऑइल प्यायला लागलं. मग ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, वाफा येऊ लागल्या. मग दादा सीटखाली ऑइलचा कॅन घेऊनच निघू लागला आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं. घरात एखादं माणूस रोज थोडं थोडं आजारी पडत असलं की होतं तसं. डिसेंबरात नाणीजच्या अलीकडे गाडीने हात टेकले. मिस्त्रींनी हेड उतरवलं आणि बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, बोट फिरवून म्हणाले, "गोल कुठाय हा? अंडं झालंय." रिंगा संपलेल्या, हेडला बारीक भेग, क्रँकलाही ग्राइंडिंग लागणार. इंजिन बांधायचं म्हटलं तर नव्याने पाया खणण्यातलाच प्रकार. त्यापेक्षा एखादं चालू इंजिन बघा, असा त्यांचा सल्ला.

ते मिळालं कोल्हापूरच्या बाहेर, भंगारात. अपघातात केबिनचा चेंदामेंदा झालेली एक बरीच नवी ४०७ होती, आणि तिचं इंजिन मात्र खरचटलंही नव्हतं. घराणं तेच, ४९७. या आकड्यांची गंमत मला फार उशिरा कळली. पहिला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि पुढचे ९७ म्हणजे बोअरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका बाजूची धाव, १०० मिलिमीटर. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, स्ट्रोकने गुणा, चाराने गुणा, आरसीवर छापलेले २९५६ सीसी बरोबर हातात येतात. मोठ्या ट्रकांचं ६९७ म्हणजे याच व्यासाची सहा सिलिंडरं. मी हे वर्गात गणित म्हणून घातलं होतं. ज्यांच्या घरी गाडी आहे त्या पोरांनी आधी सोडवलं.

फरक इतकाच की आमचं जुनं इंजिन साधं होतं आणि हे टर्बोचं, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेलं. "टर्बो म्हणजे घाट उडत चढणार," दादा फोनवर म्हणाला. घासाघीस करायला बळ यावं म्हणून त्याने तिथूनच मला व्हॉट्सॲपवर सात फोटो पाठवले. मी त्यात फक्त इंजिन नंबर वाचता येतो का ते पाहिलं. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, मग आरसीवर नवा नंबर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात त्यासाठी ५२ वं कलम आहे. पेन्सिल प्रिंट, बिलं, अर्ज, फेऱ्या. त्या फेऱ्यांचं वर्णन करायला बसले तर गाडी घाटात पोचायची नाही.

संक्रांतीनंतर इंजिन बसलं. माऊंटिंग थोडं सरकवावं लागलं, सायलेन्सरच्या पाइपाला नवा बाक द्यावा लागला, रेडिएटरचे होज बदलले. मिस्त्री उमेदीचा माणूस, पण त्यांचा सगळा जन्म बिनटर्बोच्या इंजिनांत गेलेला. काम झाल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे उरलंसुरलं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दादाच्या हातात दिलं: दोनचार बोल्ट, क्लॅम्प, वायसर, तारेचे तुकडे. ती पिशवी सीटखाली गेली. नारळ फुटला. पहिल्याच सेलला इंजिन असं पकडलं की अण्णांनी कानाशी हात नेऊन नमस्कार केला.

मग सुरू झालं कौतुक. धूर नाही, हे तर झालंच. शिवाय गाडी तापत नाही. आंबा घाटात अर्ध्यावर थांबून रेडिएटरला पाणी पाजणं हा आमच्या धंद्याचा विधीच होता. आता टेम्परेचरचा काटा मधल्या रेघेलाही शिवेना. आणि तिसरं माझ्या वहीतलं: जुन्या इंजिनाचं शेवटच्या महिन्यांतलं ॲव्हरेज ७.२, नव्याचं ९.१. मी त्या आकड्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या.

फक्त एक होतं. गाडी घाट चढत नव्हती.

पहिल्या खेपांना माल हलका होता, कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग चिरे भरले. संध्याकाळी दादाचा फोन. मागे एसटीच्या हॉर्नचा ठणाणा. "बाय, तिसऱ्याला घेतच नाय. दुसरा टाकला तरी रडत चढते. मागे एक किलोमीटर लाइन लागलीय." आवाजात चिडीपेक्षा लाज जास्त होती. ज्या वळणावर जुनं, मोडकळीला आलेलं, धूर ओकणारं इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये निघायचं, तिथे हे बसलं.

पुढच्या खेपेला मी केबिनमध्ये जाऊन बसले. हातात घड्याळ. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत चार मिनिटं, म्हणजे ताशी पंधरा. वजन भरल्या गाडीचं सहा टन धरलं (पासिंगपेक्षा किती जास्त, ते इथे लिहिण्यात शहाणपणा नाही), चढ अंदाजे चौदाला एक. पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं तर चाकांपर्यंत पोचत होती सत्तावीस-अठ्ठावीस हॉर्सपॉवर. हसतखेळत याच्या दुप्पट द्यायला हवी होती या इंजिनाने. बाकीची गेली कुठे? पाणी गळलं तर खाली ओल दिसते, ऑइल गळलं तर डाग. ताकद गळते तेव्हा खाली काहीच पडत नाही.

तिथून आमचा शोध सुरू झाला, आणि गाडी ओढत नाही म्हटल्यावर जो जो भेटेल त्याच्याकडे उत्तर असतंच. टायरवाल्याला हवेचा दोष वाटतो, ब्रेकवाल्याला ब्रेकचा. त्यांनाही नावं ठेवण्यात अर्थ नाही. खरंच ब्रेक घासत असतील तर इंजिन बिचारं फुकट बदनाम होतं, म्हणून आम्ही दहा किलोमीटर चालवून चारी हब हाताने चाचपले. सगळे सारखेच कोमट. डिझेल फिल्टर नवा टाकला. टाकीच्या झाकणाचं भोक साफ केलं, कारण ते बुजलं तर टाकीत पोकळी होऊन डिझेल येईनासं होतं. गाडी कुठे एअर घेतेय का, म्हणजे डिझेलमध्ये हवा शिरतेय का, ते पाहायला फिल्टरच्या पुढे हातभर पारदर्शक नळी जोडली. सलाइनच्या बाटलीकडे नातेवाईक बघतात तसे आम्ही तिघं त्या नळीकडे बघत उभे. एकही बुडबुडा नाही.

पहिला खरा दोष सापडला तो ॲक्सिलरेटरचा. याची परीक्षा अगदी सोपी आणि म्हणून कुणी करत नाही: एकाने केबिनमध्ये पॅडल पार तळाशी दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली जाऊन डिझेल पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकला का ते बघायचं. टेकत नव्हता. बोटभर फट. सळी जुन्या इंजिनाच्या मापाची, या पंपाचा लिव्हर वेगळा. महिनाभर दादा पाय रेटून रेटून तीन चतुर्थांशच ॲक्सिलरेटर देत होता. सळीला आटे वाढवून ते नीट केलं. फरक पडला. पुरेसा नाही.

दुसरा दोष हवेचा. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज जुन्याच गाडीचा लावलेला, वयाने मऊ पडलेला. साधं इंजिन हवा हळू ओढतं, टर्बो तोंड लावून ओढतो. मिस्त्रींच्या पोराने रेस दिली आणि होज आमच्या डोळ्यांदेखत उसाच्या चिपाडासारखा चपटा झाला. आत तारेची स्प्रिंग असलेला नवा होज आणला. गाडी आणखी थोडी सुधारली, ताशी अठरापर्यंत आली. पण खरं म्हणजे इथेच मला प्रश्न पडायला हवा होता. श्वास कोंडलेलं डिझेल इंजिन काळा धूर ओकतं, हे नियमासारखं आहे. आमचं श्वास कोंडलेला असतानासुद्धा स्वच्छ होतं. मी मात्र त्या चपट्या होजचा व्हिडिओ काढण्यात गुंग होते.

फेब्रुवारीत संशय टर्बोवर गेला. इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे टर्बोकडची हवा सिलिंडरांना वाटणाऱ्या नळकांड्यावर, एक छोटा बोल्ट होता. मिस्त्रींनी तो काढला, त्या भोकात कॉम्प्रेसरचं, हवेचा दाब दाखवणारं गेज नळी लावून बसवलं आणि गेज केबिनमध्ये दोरीने बांधलं. मी विचारलं, "हा बोल्ट इथे कशाला असतो?" ते म्हणाले, "असा गेज लावायलाच." उत्तर इतकं चोख होतं की पुढे काही विचारायला जागाच उरली नाही. घाटात काटा तीन पौंडांच्या वर जाईना. निदान दहा-बारा तरी दिसायला हवे होते. टर्बो गेला, असा निकाल लागला. टर्बो उतरवून कोल्हापूरला नेला. तिथल्या माणसाने चाकाची दांडी हलवून पाहिली, पाती पाहिली, फुंकर मारून फिरवली आणि परत आमच्या हातात ठेवली. "हा ठणठणीत आहे. मला काम द्यायचंच असेल तर दुसरं काहीतरी आणा." असा प्रामाणिक माणूस भेटला की आनंद व्हायला पाहिजे. आम्हाला त्या दिवशी नाही झाला. निघताना मिस्त्रींनी तो बोल्ट होता तिथे परत घट्ट बसवला, हे मला नीट आठवतं, कारण पाना मीच दिला होता.

मग आला मोहाचा क्षण. पंपावर फुल लोडचा एक स्क्रू असतो. तो अर्धा आटा फिरवला की डिझेल वाढतं. "देऊ का अर्धा आटा?" मिस्त्री म्हणाले. दादा मानेने हो म्हणाला. दिला. घाटात गाडी थोडी बरी चढली, पण वाडीतून निघताना पहिल्याच रेसला असा काळा लोट उठला की काकूंचं वाळवण परत आत गेलं. कमी फेऱ्यांत, टर्बो झोपलेला असताना, भसाभसा डिझेल. दादा म्हणाला, चालेल, आंबा तोंडावर आलाय. त्याचं चुकत नव्हतं. हंगामात एक खेप बुडाली की ती पुढच्या वर्षीच येते. पीयूसीचा विषय निघाला आणि अण्णा मध्ये पडले: "दुखणं सापडलं नाही म्हणून बाटली वाढवायची नसते." पंप उतरवून कोल्हापूरला टेस्ट बेंचवर पाठवला. तिथे तो स्क्रू मापात आणला, नोझलंही तपासून दाब लावून दिला. दोन दिवसांनी पंप आला, सोबत आकड्यांचा एक छापील कागद आणि निरोप: पंप एकदम ओके.

पंप परत चढवला, टायमिंग लावलं. गाडी पुन्हा बिनधुराची. पुन्हा थंडगार. पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये.

मग शिमगा आला. शिमग्यात रत्नागिरीकडे कुणी कुणाचं इंजिन उघडत नाही. गॅरेज बंद, मिस्त्री त्यांच्या गावच्या पालखीत, दादा आमच्या. गाडी अंगणात उभी, तिच्या हौद्यात शेजारची पोरं लपाछपी खेळत होती. पालखी घरी येऊन गेली त्या रात्री ढोलाचा आवाज दूरच्या वाडीकडे सरकत असताना मी वही पुरी करायला बसले आणि वहीत खोचलेला तो बेंचचा कागद पहिल्यांदा वाचला. आधी त्यावर फक्त 'ओके' पाहिलं होतं.

कागदावर आकड्यांच्या दोन रांगा होत्या, हजार ठोक्यांना किती सीसी डिझेल पडतं त्याच्या. एका रांगेवर लिहिलेलं 'हवेविना', दुसरीवर 'हवा देऊन'. आणि हवेविनाचा आकडा दुसऱ्यापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी.

डिझेलच्या पंपाला हवा?

मी वर्गात दरवर्षी सांगते: पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलरेटरने हवेची वाट उघडते-मिटते, डिझेलच्या इंजिनात हवा नेहमी पोटभर, कमीजास्त होतं ते डिझेल. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. म्हणजे एक लिटरला साधारण दहा घनमीटर, आमच्या न्हाणीघराएवढी. डिझेल त्या मापाबाहेर गेलं की काळा धूर. आणि डिझेल कमी, हवा मुबलक असं असलं तर? धूर नाही. उष्णता कमी, म्हणून इंजिन थंड. लिटरला किलोमीटर जास्त. आणि घाटात दम नाही. वाक्य मनात पुरं होईपर्यंत माझे कान तापले होते. आमची तिन्ही कौतुकं एकाच दुखण्याची तीन लक्षणं होती, आणि त्यातल्या एकाखाली मीच लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. इंजिन उपाशी होतं, आणि आम्ही गावभर सांगत होतो, बघा कसं कमी खातं.

पण हवा पंपाला कुठून मिळते? मी फोनवर मागे मागे जात डिसेंबरातले ते सात फोटो काढले. चौथ्यात दिसली. मॅनिफोल्डवरून निघून, फिल्टरच्या मागून वळून, पंपाच्या टोकाला असलेल्या एका गोल डबीत शिरणारी बारीक लोखंडी नळी. जेमतेम पेन्सिलीएवढी. बॅटरी घेऊन अंगणात गेले, बॉनेट उघडलं. डबी होती. तिच्या तोंडाला रबराची टोपी. मॅनिफोल्डच्या बाजूला, जिथून नळी निघायला हवी तिथे, तो बोल्ट. गेज लावायचा.

ती डबी काय करते ते नंतर नीट समजून घेतलं. आत रबराचा पातळ पडदा आणि त्याला रेटून धरणारी स्प्रिंग. टर्बो वेग घेऊन मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब वाढला की तो दाब नळीतून डबीत येतो, पडदा दबतो आणि पंपाला जास्त डिझेल सोडायची मुभा मिळते. हवा येण्याआधीच डिझेल सोडलं तर काळा लोट उठेल, म्हणून ही व्यवस्था. पाहुणे आले की नाही ते बघूनच तांदूळ वाढवणाऱ्या बाईसारखी. आमच्याकडे पाहुणे दारात ताटकळत होते आणि आत निरोप देणारं पोरच गायब. निरोप नाही म्हणून डिझेल नाही. डिझेल नाही म्हणून एक्झॉस्टमध्ये जोर नाही. जोर नाही म्हणून टर्बो मंद. टर्बो मंद म्हणून गेजवर तीन पौंड. आम्ही त्या तीन पौंडांना रोग समजून टर्बो कोल्हापूर दाखवून आणला. आणि बेंचवरच्या माणसाने नियमाप्रमाणे डबीला कॉम्प्रेसरची हवा जोडली, पंपाने नियमाप्रमाणे काम केलं. तो खरं बोलत होता. टर्बोवालाही खरं बोलत होता. ज्याने त्याने आपापला भाग तपासला होता, आणि ती नळी कुणाच्याच भागात येत नव्हती.

दादा पालखीतून पहाटे आला, कपाळभर गुलाल. मी त्याला झोपूच दिलं नाही. फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग काही न बोलता केबिनमध्ये चढला आणि सीटखालून ती पिशवी काढली. बोल्ट, क्लॅम्प, वायसर, तारेचे तुकडे, आणि तळाशी, एका टोकाला वाकलेली, दोन्हीकडे बेंजो, म्हणजे बोल्ट घालायची कडी, असलेली नळी. दोन महिने ती आमच्याबरोबर आंबा घाट चढत-उतरत होती. मालापेक्षा जास्त फिरली असेल.

शिमगा उतरल्यावर मिस्त्री आले. त्यांना दोष द्यायचं आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं, पण जमलं नाही. नळी हातात फिरवत ते म्हणाले, "इंजिन खाली सोडताना ही जुन्या माऊंटिंगला अडकली नि वाकली. सोडून ठेवली. नंतर बघितलं तर हिच्यात डिझेल नाय, ऑइल नाय, पाणी नाय. कोरडी. म्हटलं ब्रीदर असेल, बुजवला." कोरडी नळी म्हणजे बिनकामाची नळी, हा त्यांच्या तीस वर्षांचा अनुभव. त्या तीस वर्षांत ते खरंच होतं. मलाही तो बोल्ट दिसला होता, मी प्रश्नही विचारला होता, आणि मिळालेलं पहिलं उत्तर खिशात घालून गप्प बसले होते. माझा तर विषयच तो.

वाकलेला भाग कापून, त्याच मापाची नवी नळी वळवून, दोन्ही टोकांना तांब्याचे नवे वायसर टाकून काम झालं अर्ध्या तासात. पैसे मिस्त्रींनी घेतले नाहीत. चहा दोनदा घेतला.

पहिल्या भरल्या खेपेला मी पुन्हा केबिनमध्ये, घड्याळ घेऊन. साखरपा सोडलं, चढ लागला. दादाने तिसरा टाकला आणि पाय दाबला. क्षणभर काहीच नाही. मग बॉनेटखालून शिट्टीसारखा एक बारीक सूर निघाला, जो आम्ही या इंजिनाकडून कधी ऐकलाच नव्हता, आणि सीटने मला पाठीत ढकललं. गेज अजून दोरीने लटकत होतं पण जोडलेलं नव्हतं. गरजही वाटली नाही. ते वळण आलं. दादाने गिअरवर हात ठेवला, सवयीने, आणि काढून घेतला. गाडी तिसऱ्यातच वर निघाली. आरशात बघितलं तर मागे करड्या धुराची पातळ रेघ. टेम्परेचरचा काटा मधली रेघ ओलांडून बसलेला. किलोमीटरला सव्वादोन मिनिटं. दादा शीळ घालत होता, टर्बोच्या सुरात सूर मिळवत, आणि दोघेही बेसूर होते.

आठवड्याची वही मांडली तेव्हा ॲव्हरेज ९.१ वरून ७.९ वर आलेलं. अण्णांनी चष्मा लावून दोन्ही आकडे बोटाने दाबून पाहिले. मी त्यांना सगळं समजावलं: डबी, पडदा, हवा, डिझेल, पाहुणे, तांदूळ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दाराबाहेर उभ्या गाडीकडे बघत, आवाज जरा खाली आणून म्हणाले, "बरोबर हाय गो सगळं. पण येताना गाडी रिकामीच असते ना? तेवढ्यापुरता त्या नळीला बोळा मारता येतो का, बघ."